मिसोची हंडी

शनिवारी दुपारी तीन किलो अळकुड्या सोलून झाल्या तेव्हा माझे हात कोपरापर्यंत खाजत होते, आणि आतल्या खोलीतून सासूबाई विचारत होत्या, "झालं का गं? की त्या एकाच अळकुडीशी गप्पा मारत बसलीयस?"

"झालं, आई."

"मिठाने चोळून धुतल्यास ना? नाहीतर नदीवर सगळ्यांचे घसे धरतील. गेल्या वर्षीसारखे."

गेल्या वर्षी कुणाचाही घसा धरला नव्हता. पण सासूबाईंशी वाद घालायला अंगात जोर लागतो, आणि माझा जोर साधारण ऑगस्टमध्येच संपला होता. मी हात व्हिनेगरच्या पाण्यात बुडवले आणि खिडकीबाहेर बघत उभी राहिले. समोरच्या भिंतीवर लाल चतुर येऊन बसले होते. लांब झाओ डोंगराचा माथा तांबूस दिसत होता. जपानच्या उत्तरेला, आमच्या यामागातात शरद असाच येतो. एका सकाळी हवा कोरडी होते, शेतं कापलेली दिसतात, आणि मग सगळ्या गावाला एकदमच नदीकाठी जाऊन हंडी चढवायची हुक्की येते. त्याला आम्ही इमोनी म्हणतो. दगडांची चूल, मोठी हंडी, तिच्यात अळकुड्या, मांस, कांद्याची पात. वाडगा दोन्ही हातांत धरायचा, फुंकर घालायची, आणि वर्षातला सगळ्यात चांगला दिवस आहे असं म्हणायचं. मीही म्हणत आले आहे. यंदा मला त्याचं काडीचं अप्रूप नव्हतं. मला झोप हवी होती.

माझा नवरा मित्सुहारु जाऊन चार वर्षं झाली. मूलबाळ नाही. तो गेला आणि घरात आम्ही दोघी उरलो, अठ्ठावन्न वर्षांची मी आणि शहाऐंशी वर्षांच्या तोकि, माझ्या सासूबाई. दर रविवारी चिबाहून नणंदेचा फोन येतो. "वहिनी, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे हं," असं नोबुको म्हणते, आणि निर्धास्तपणे फोन ठेवते. मग मी सासूबाईंची चादर बदलते, त्यांना उठवते, न्हाऊ घालते, पेज करते, ती त्या खात नाहीत, मी ती टाकून देते आणि दुसरी करते.

टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये, विजेच्या बिलांच्या खाली, एक कागद होता. नगर कार्यालयात मागितला की मिळतो. नवरा वारल्यावर बाईला सासरच्या माणसांशी नातं संपवायचं असेल तर तो भरून द्यायचा. एकच पान. कुणाची परवानगी नको, कुणाची सही नको, सासरी कळवतसुद्धा नाहीत. इतकं सोपं असेल यावर माझा विश्वास बसेना, म्हणून खिडकीतल्या मुलीला मी दोनदा विचारलं. तिने दोन्ही वेळा तितक्याच गोडपणे सांगितलं. तो मी पेन्सिलीने भरून ठेवला होता. सोमवारी त्यावरून पेन फिरवायचं, नेऊन द्यायचा, आणि डोंगरापलीकडे त्सुरुओकाला जायचं. तिथे माझ्या आईचं घर भावाने रिकामंच ठेवलंय. सासूबाईंचं नोबुको बघेल. लेक आहे ती. जाण्याआधी रविवारची हंडी तेवढी नीट पार पाडायची, म्हणजे मागे मनाला काही चाटून जायला नको, असं मी ठरवलं होतं.

कारण सासूबाई त्या हंडीसाठी जगत होत्या म्हटलं तरी चालेल. ऑगस्टपासून त्यांचं खाणं तुटलं होतं. सकाळी तीन चमचे, रात्री दोन. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर नळीने भरवावं लागेल. सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाल्या, "घरी नाही जात घशाखाली. नदीवर जेवीन."

चाळीस वर्षं आमच्या गल्लीच्या हंडीचा शब्द त्यांचा. सोया सॉस किती, साखर किती, पात कधी टाकायची, सगळं त्या सांगायच्या. आणि मांस बीफच. माझं लग्न झालं त्या पहिल्याच शरदात मी बोलून गेले होते, की आमच्या त्सुरुओकाला डुकराचं मांस आणि मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा, घालतात. सगळी गल्ली खो-खो हसली. प्रांत एकच, गाडीने दोन तासांचं अंतर, पण हंडीचा विषय निघाला की आम्ही परदेशी. सासूबाईंनी पळी हंडीच्या काठावर आपटली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "त्याला डुकराची आमटी म्हणतात, बाळ. ती माहेरी जाऊन खा." दर वर्षी कुणीतरी ते वाक्य काढायचंच. एकतीस वर्षांत मी माहेरची हंडी एकदाही केली नाही, स्वतःपुरतीसुद्धा नाही.

रविवारी सकाळी शेजारचे तोगाशी आजोबा आपला छोटा ट्रक घेऊन आले. एकोणऐंशी वर्षांचे आहेत, पण चुलीचा मान त्यांचाच. येताना त्यांनी दुकानातून सामानाची बंद पेटी उचलून आणली होती. अळकुड्या सोडून बाकी सगळं आता दुकानवालेच तयार देतात, मांसापासून चमच्यापर्यंत. आपण फोन करायचा, सकाळी पेटी तयार.

"तोकि-सान, सजलात की आज!" आजोबा म्हणाले. सासूबाईंनी जांभळी लोकरी टोपी घातली होती.

"तुझ्यासाठी नाही. हंडीसाठी," सासूबाई म्हणाल्या.

एके काळी आमच्या गल्लीचे चाळीस जण नदीवर जमायचे. तीन चुली लागायच्या. यंदा आम्ही सहा जण, त्यात एक चाकाच्या खुर्चीत. मामिगासाकीच्या काठावर मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. कॉलेजची मुलं, ऑफिसांची टोळकी, कुत्री, तान्ही बाळं. शंभर चुलींचा धूर पाण्यावरून सरकत होता आणि त्यातून समोरचा डोंगर मधूनच दिसायचा. ऊन अंगाला बरं वाटेल इतपतच होतं. निळी ताडपत्री पसरली तशी मी तिच्यावर टेकले, आणि दोन मिनिटं मला उठताच येईना.

"किमिए, पेटी उघडू का गं?" सुतोकाकूंनी विचारलं. त्या आमच्या समोरच्या घरातल्या, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, आणि तोंड मिटलं तर आजारी पडतील अशा.

"उघडा ना."

त्यांनी झाकण काढलं आणि गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या म्हणून मी मान वर केली.

"अगं, हे डुकराचं आहे."

"काय?"

"डुकराचं मांस. आणि ही मिसो. आणि हा तळलेला टोफू. किमिए, ही तर तिकडची पेटी आहे!"

तोगाशी आजोबांनी चुलीतून डोकं वर काढलं. भुवईला राख लागली होती. "कसली पेटी?"

"मिसोची."

"माझ्या चुलीवर मिसो? मी मेल्यावर चढवा!"

"ओरडू नका हो, बाजूची मुलं हसतायत."

"हसू देत. यामागाताच्या नदीवर, ऐन ऑक्टोबरात, मिसो! दुकानवाल्याला फोन लावा. डोकं ठिकाणावर आहे का त्याचं!"

दुकानवाल्याचं डोकं ठिकाणावर होतं. मला तेवढ्यात आठवलं. गुरुवारी मी फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलीने विचारलं होतं, "सोया-बीफ की मिसो-डुक्कर?" दोन्ही जातात हल्ली, बाहेरचे लोक वाढलेत. त्याच वेळी सासूबाईंनी न्हाणीघरातून हाक मारली, एक, दोन, तीन. मला घाई झाली आणि मी म्हणाले, "मिसो." म्हणाले आणि धावले. एकतीस वर्षं जे ओठांवर येऊ दिलं नाही ते दमल्यावर आपसूक बाहेर पडलं होतं, आणि मला पत्तासुद्धा नव्हता.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "मीच सांगितलं तसं."

सगळ्यांनी सासूबाईंकडे बघितलं. मी नाही बघितलं. माझ्या डोळ्यांपुढे ती पळी आली, हंडीच्या काठावर आपटणारी. एवढं एकच काम होतं माझ्याकडे. एक दिवस त्यांना चार घास मनासारखे मिळावेत, आणि मग मी मोकळी. तेही मला धड जमलं नव्हतं.

"मी जातो, बीफ घेऊन येतो," तोगाशी आजोबा म्हणाले. मग त्यांनी मागे वळून गाड्यांची रांग बघितली. आमच्या ट्रकच्या मागे तीन ओळी लागल्या होत्या. "तासभर लागेल. दीड."

"चढवा," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"आहे ते चढवा. दीड तासात मला पुन्हा अन्न नकोसं होईल."

"अहो, पण मिसो आहे ती!"

"बहिरी नाहीये मी."

"तोकि-सान, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"तू चूल बघ, तोगाशी. धूर जास्त आणि आग कमी, तुझं नेहमीचंच."

मग मी उठले. सांगायला कुणी नव्हतं, कारण मिसोची हंडी कशी करतात ते तिथे कुणाला माहीत नव्हतं. आधी अळकुड्या, थंड पाण्यातच. वर आलेला फेस काढायचा, पुन्हा पुन्हा. मिसो एकदम नाही घालायची. अर्धी आधी, अळकुड्या मऊ व्हायला लागल्या की, म्हणजे चव आत जाते, आणि अर्धी अगदी शेवटी वासासाठी. मधे मांस, टोफू, पात. हे मी कधी शिकले ते आठवत नाही. आईच्या मागे उभी राहून बघितलं असणार. पळीत मिसो धरून चॉपस्टिकने हळूहळू विरघळवताना वास वर आला आणि मला रडू फुटलं. मी ते लपवलंही नाही. सुतोकाकूंनी माझ्या हातातली पळी घेतली, दोन वेळा ढवळली आणि परत दिली.

पहिला वाडगा सासूबाईंचा. अळकुडी गुळगुळीत, घशात अडकायची भीती, म्हणून मी ती चॉपस्टिकने मोडून, रश्श्यात कुस्करून दिली. सगळे वाडगे हातात धरून थांबले होते. आता ते वाक्य येणार, हे सहाही जणांना माहीत होतं. तोगाशी आजोबांचं तर हसू आधीच ओठांशी आलं होतं.

सासूबाईंनी एक घास घेतला. बराच वेळ तोंडात फिरवला. गिळला.

"साकेचा चोथा नाही घातलास," त्या म्हणाल्या.

"कसला चोथा?" सुतोकाकूंनी विचारलं.

"काही नाही. खा तुम्ही."

आणि त्या जेवल्या. सावकाश, मधे थांबत, पण वाडगा रिकामा केला आणि माझ्यापुढे धरला. मी दुसऱ्यांदा वाढलं. दोन महिन्यांत मी त्यांना असं जेवताना पाहिलं नव्हतं.

"जेवण म्हणून वाईट नाही," तोगाशी आजोबा म्हणाले. "इमोनी नाही ही. पण जेवण म्हणून वाईट नाही."

"तिसरा वाडगा आहे हो तुमचा," सुतोकाकू म्हणाल्या.

"खात्री करून घेतोय."

मीही बसून जेवले. एरवी सगळ्यांचं वाढून होईस्तोवर माझा वाडगा निवलेला असतो. या वेळी सुतोकाकूंनी मला खांदा दाबून खाली बसवलं आणि स्वतः वाढायला उभ्या राहिल्या. रस्सा जिभेला चटका लागेल असा होता. अळकुडी दातांनी तोडायची गरज नव्हती, जिभेनेच विरघळली. पाठीवर ऊन, समोर गार वारा, नदीचा आवाज. चतुर माझ्या गुडघ्यावर बसला आणि तसाच बसून राहिला. सुखाचं काय घेऊन बसलात, एवढंच असतं ते. पण चोथ्याचं डोक्यातून जाईना. साके, म्हणजे तांदळाची दारू, गाळून उरलेला चोथा हंडीत घालतात ते आमच्याकडे, समुद्राच्या बाजूला, तेही सगळे नाही. माझी आई घालायची. डोंगराच्या अलीकडच्या माणसाला हे माहीत असायचं कारणच नाही.

जेवणं झाल्यावर तोगाशी आजोबा बाकीच्यांना घेऊन शेजारच्या चुलींवर गेले. उरलेल्या रश्श्यात शेवटी करीचा मसाला आणि जाड नूडल्स टाकून खायची इथली रीत. आमच्या पेटीत मसाला निघाला नव्हता, तो कुणाकडून तरी मागून आणायचा होता. मी आणि सासूबाई दोघीच उरलो.

"आई," मी म्हणाले, "चोथ्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आईने."

"तेंदोच्या?" सासूबाईंचं माहेर तेंदोचं. इथून चार स्टेशनं. माझ्या लग्नाला तिथले लोक आले होते, जेवून गेले होते.

"तेंदोची आई कागदावरची. लग्न ठरावं म्हणून दत्तक गेले होते मी त्यांच्याकडे. कोळ्याची पोर नको होती ना माझ्या सासूला." त्या नदीकडे बघत होत्या. "माझी आई युराची."

युरा म्हणजे आमच्या त्सुरुओकाचाच किनारा. मासे आणायला आम्ही सायकलवर जायचो तिथे.

"पहिल्या वर्षी मला कुणी काही सांगितलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "हंडी कर म्हणाले, मी केली. मिसो घालून, चोथा घालून. एकोणीस वर्षांची होते. सासूने झाकण उघडलं आणि हंडीच उचलली. ती न् तिची जाऊ, दोघींनी. सगळी नदीत ओतली. हीच नदी. पुलाच्या जरा वर. अळकुड्या वाहत गेल्या आणि लोक टाळ्या वाजवत होते."

मी पुलाकडे बघितलं.

"मग मी म्हटलं, थांबा. ह्यांच्यापेक्षा जास्त सोया घालीन मी. आणि घातला."

मला त्यांची दया यायला हवी होती. आली असेल कुठेतरी, पण त्याआधी जे आलं तो संताप होता. इतका, की दगड उचलून पाण्यात मारावासा वाटला.

"एकतीस वर्षं!" मी म्हणाले. "एकतीस वर्षं तुम्ही मला हसलात. सगळ्यांना हसवलंत. मी रात्री आईला फोन करून रडायचे, आणि तुम्ही, तुम्ही युराच्या?"

"हो."

"एकदा तरी सांगायचंत. घरात सांगायचंत, दार लावून. दोघींपुरती केली असती मी."

"तुझी बाजू घेतली असती तर लोकांनी माझ्याकडे बघितलं असतं. भीती वाटायची."

"ऐंशीव्या वर्षीसुद्धा?"

"ऐंशीव्या वर्षी सवय झाली होती." त्यांनी टोपी कानांवर ओढली. "माझं चुकलं ते. आता काय करतेस त्याला."

एवढंच. मान खाली नाही, हात जोडणं नाही. मी वाडगे गोळा करायला लागले, कारण हातांना काहीतरी हवं होतं. तेवढ्यात त्या मागून म्हणाल्या, "आणि तो कागद पेन्सिलीने भरलायस तू. पेन्सिलीचं घेत नाहीत ते."

माझ्या हातातला वाडगा खाली पडला. कागदाचाच होता, फुटला नाही.

"चष्मा शोधत होते," सासूबाई म्हणाल्या. "टीव्हीखाली. काळ्या शाईच्या पेनाने लिही. निळ्या नको."

"आई, मी..."

"नवरा गेला ना माझा, तेव्हा सासू होती. पुढे अकरा वर्षं होती. अंथरुणात. रोज मला म्हणायची, मासळीचा वास येतो तुझ्या हाताला. असा कागद असतो हे मला कुणी सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन दार उघडायची वाट बघत उभी राहिले असते."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला की. दोन दिवस तुझी पेज थुंकली मी. नोबुकोला फोन केलाय. गुरुवारी येतेय ती. रडली जरा. रडू दे. जन्मात कधी माझी चादर बदलली नाही तिने."

तोगाशी आजोबा मसाल्याची वडी झेंड्यासारखी वर धरून येत होते. "मिळाली! आणि त्यांना सांगितलं नाही मी, की आमच्या हंडीत मिसो आहे. इज्जतीचा प्रश्न आहे!" मिसोत करी घातल्यावर काय होतं ते त्या दिवशी आम्हाला कळलं. सासूबाईंनी एक नूडल ओढून बघितली आणि म्हणाल्या, "हे मात्र नदीत ओता." सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता जाणवलं की माझे पाय आता मला घरापर्यंत नेतील की नाही याचीच खात्री नाही.

सोमवारी मी नगर कार्यालयात गेले. जायचं नाही असं एकदाही मनात आलं नाही, हे खरं ते सांगते. त्या माझ्याच किनाऱ्याच्या निघाल्या म्हणून माझी कंबर दुखायची थांबली नव्हती, आणि एकतीस वर्षंही परत आली नव्हती. काळ्या शाईचं पेन खिडकीवर दोरीने बांधलेलं होतं. मी पेन्सिलीच्या अक्षरांवरून एकेक रेघ गिरवली. खिडकीतल्या मुलीने कागद तपासला, शिक्का मारला आणि म्हणाली, "झालं." पाच मिनिटंही लागली नाहीत. बाहेर येऊन मी बाकावर बसले. कार्यालयासमोरच्या गिंको झाडांची पानं कडेकडेने पिवळी पडायला लागली होती. वाटलं होतं हलकं वाटेल. हलकं काही वाटलं नाही, नुसती झोप आली. दोन बस सोडल्या आणि तिसरीत चढले.

घरी पोचले तेव्हा अडीच वाजले होते. सासूबाई स्वयंपाकघरात नव्हत्या, त्यांच्या खोलीतही नव्हत्या. त्या बैठकीच्या खोलीत होत्या. काठीच्या आधाराने तिथवर कशा गेल्या त्यांनाच ठाऊक. पुढ्यात ताट, सुरी, आणि सुतोकाकूंच्या झाडाचं एक पर्सिमन. समोर, भिंतीवरच्या चित्राखालच्या मानाच्या जागी, पाहुण्यांची जाड गादी घातलेली. त्या जागी मी या घरात कधी बसले नव्हते. झाडून काढत आले ती जागा.

"दिलास?" त्यांनी विचारलं.

"दिला."

"घेतला त्यांनी?"

"घेतला."

त्यांनी मान हलवली. मग हाताने ती गादी दाखवली. "या. बसा."

मी दारातच उभी राहिले. एकतीस वर्षांत त्यांनी मला तसं म्हटलं नव्हतं. गेले, बसले. त्या पर्सिमन सोलायला लागल्या. हात इतके थरथरत होते की साल जाड निघत होती, निम्मा गर सालीबरोबर चालला होता. सवयीने माझा हात सुरीकडे गेला.

"पाहुण्यांनी हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या.

"अहो, बोट कापेल."

"माझं बोट आहे."

सोलायला दहा मिनिटं गेली. मग चार फोडी, बिया काढून, चांगल्या बशीत, बाजूला छोटा काटा. बशी दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे ठेवली आणि किंचित वाकल्या. त्यांच्या पाठीला ते वाकणं सोसत नव्हतं. एकतीस वर्षं या घरात प्रत्येक फळ मी सोललं होतं. माझ्यासाठी सोललेलं हे पहिलं. मी एक फोड तोंडात घातली. घट्ट होती, दातांखाली कुरकुरली, आणि मग गोड लागली.

"गोड आहे?"

"आहे."

"सुतोचं झाड तिच्यासारखंच. उशिरा पिकतं आणि मग थांबत नाही."

मी सगळ्या फोडी खाल्ल्या. एकही त्यांना दिली नाही, आणि त्यांनी मागितली नाही. ऊन कागदी दारातून आत येऊन चटईवर पडलं होतं, आणि चटई उबदार लागत होती. दिवसाउजेडी या घरात मी कधी पाठ टेकली नव्हती. तापातसुद्धा नाही.

"मी जरा पडू का?" मी विचारलं.

"पडा की," त्या म्हणाल्या. "पाहुण्यांना कोण उठवतंय."

मी गादी डोक्याखाली ओढली, गुडघे पोटाशी घेतले आणि झोपले.